सारख्या दिसणाऱ्या माश्या



वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले अशा माणसाने येथे उभे राहून माश्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सगळे शिक्षण गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि रद्दीच्या दुकानातून उचललेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा प्राणिशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. परंतु एक अळी ओळखता न आल्यामुळे माझ्या हातून शेकडो सह्यांचे एक चुकीचे निवेदन जाणार होते, आणि ती वेळेवर ओळखली गेली म्हणून ते सुधारले व त्याला फळ आले. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. नवशिक्याच्या हातून ज्या चुका होतात त्या बहुतेक सगळ्या मी करून पाहिल्या आहेत. नवशिक्याला वाट दाखवायला कालपरवाचा नवशिकाच बरा, एवढाच माझा दावा.

आधी ती हकीगत सांगतो. माहुल हे ठाण्याच्या खाडीला लागून असलेले जुने कोळी वस्तीचे गाव. १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या दोन वर्षांत या परिसरात तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. पुढे वीजकेंद्र आले, खताचा कारखाना आला, आणि अलीकडे शहराच्या इतर भागांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. एका बाजूला टाक्या आणि धुरांडी, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, तिवरांची झाडी आणि थंडीत चिखलावर उतरणारे रोहित पक्षी, असे हे गाव आहे. रोहित पाहायला लांबलांबून लोक येतात. माश्या पाहायला कोणी येत नाही.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, तळमजल्यावर राहणाऱ्या एक बाई काचेची बरणी घेऊन माझ्याकडे आल्या. बरणीत मळकट पांढऱ्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या तीनचार अळ्या होत्या आणि प्रत्येकीला उंदरासारखी लांब शेपटी होती. "भाऊ, मोरीत पिंपापाशी सापडल्या. नळातनंच येत असणार. पोरांना हेच पाणी पाजायचं का?" असे त्यांनी विचारले. मी पडलो संघटनेचा माणूस. तासाभरात मसुदा तयार झाला. 'नळाच्या पाण्यातून अळ्या येत आहेत' हे त्याचे पहिले वाक्य. संध्याकाळपर्यंत सह्याही झाल्या.

सुदैवाने निवेदन देण्याआधी ती बरणी मी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवली. त्यांना भिंगसुद्धा लागले नाही. ते म्हणाले, "ही उंदीरशेपटी अळी. सिरफिड माशीचं पोर. ही शेपटी म्हणजे तिची श्वासाची नळी आहे. ही स्वच्छ वाहत्या पाण्यात राहत नाही. कुजक्या, साचलेल्या पाण्यात राहते, आणि कोष करायची वेळ आली की कोरडी जागा शोधत बाहेर सरपटत येते. नळाचं सोडा, घरामागे काय तुंबलंय ते बघा." आम्ही जाऊन पाहिले. मोरीच्या भिंतीमागे मैल्याच्या वाहिनीचे चेंबर फुटले होते आणि ते पाणी उघड्या गटारात साचत होते. अळ्या तेथून चढून मोरीत आल्या होत्या. आमचे पहिले निवेदन तसेच गेले असते तर नळाचे पाणी तपासले गेले असते, ते निर्दोष ठरले असते आणि तक्रार निकाली निघाली असती. किंवा डासांच्या अळ्या समजून कोणी औषध मारून गेले असते. चेंबर मात्र फुटलेलेच राहिले असते. आम्ही पहिले वाक्य बदलले, सह्या पुन्हा घेतल्या, आणि चार हेलपाट्यांनंतर चेंबर दुरुस्त झाले.

सांगण्याचा मुद्दा असा की प्राणी ओळखणे ही हौसेची बाब असेलही, परंतु ती पुराव्याचीही बाब आहे. बाजू खरी असूनही पुरावा चुकला की दावा हरतो, हे मी कामगार न्यायालयात पुष्कळदा पाहिले होते. तेच गटाराच्या काठी पुन्हा शिकलो.

त्यांतल्या दोन अळ्या मी गटाराच्या पाण्यासह एका डब्यात ठेवल्या, कडेला कोरडी माती रचली आणि वर फडके बांधले. अळ्या मातीत शिरल्या, त्यांचे कोष झाले, आणि काही दिवसांनी पाहतो तो डब्यात मधमाशीसारखी दिसणारी एक माशी बसलेली. तिच्या डोळ्यांवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके होते. त्याच आठवड्यात मी जवाहिरे वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग विकत घेतले.

आता मूळ विषयाकडे वळू. सिरफिड हे माश्यांचे एक मोठे कुळ आहे. जगात त्यांच्या सुमारे ६००० जाती ज्ञात आहेत आणि भारतातून साडेतीनशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. मराठीत त्यांना रूढ असे घरगुती नाव नाही. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रकांत मित्रकीटकांच्या यादीत 'सिरफिड माशी' हेच नाव येते, म्हणून मीही तेच वापरतो. नाव का पडले नाही याचे कारण उघड आहे. या माश्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, पण मधमाशी किंवा गांधीलमाशी समजून पाहिल्या आहेत.

हा गैरसमज होण्यातच त्यांचे संरक्षण आहे. हे रहस्य उलगडणारा हेन्री वॉल्टर बेट्स हाही आमच्यासारखाच शाळा अर्धवट सुटलेला माणूस होता, हे सांगताना मला आनंद होतो. इंग्लंडातल्या लेस्टर गावी तो लहान वयातच होजिअरीच्या धंद्यात उमेदवारीला लागला. फावल्या वेळात तो शिकला, सुटीत कीटक जमवू लागला, १८४८ साली ॲमेझॉनच्या अरण्यात गेला आणि तेथे अकरा वर्षे राहिला. ज्या प्राण्याला शत्रू टाळतात त्याचे रूप निरुपद्रवी प्राण्याकडे असले तर त्यालाही शत्रू टाळतात, हे त्याने १८६२ साली फुलपाखरांच्या उदाहरणाने मांडले. सिरफिड माशीचे तेच आहे. तिला नांगी नाही, ती चावत नाही. अंगावरचे काळेपिवळे पट्टे एवढेच तिचे शस्त्र.

सारखेपणाच्या या बाजारात खरेखोटे निवडायचे कसे? आमच्या कामातला एक दाखला देतो. एका ठेकेदाराकडे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन कामगार होते. एकाचा प्रॉव्हिडंट फंड दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत राहिला. चेहऱ्याने दोघे अगदी निराळे, परंतु कागदाला चेहरा दिसत नाही. तेथे वडिलांचे नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक अशी एकेक खूण जुळवत जावे लागले. माश्यांचे याच्या उलट आहे. तेथे चेहरे सारखे आणि माणसे निराळी. उपाय मात्र एकच. एकंदर दिसण्यावर न जाता खुणा एकापाठोपाठ एक आणि ठरलेल्या क्रमाने तपासायच्या.

पहिला प्रश्न असा की ही माशी आहे की मधमाशी-गांधीलमाशीपैकी कोणी? मधमाशीला आणि गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी तिला दोन बारीक दांड्या असतात आणि त्यांच्या टोकाला बोंडे. उडताना तोल सांभाळण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पंख मोजता आले नाहीत तर मिशा पाहाव्यात. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या. आपल्याकडच्या नेहमीच्या सिरफिड माश्यांच्या मिशा आखूड, बुटक्या आणि वर एक बारीक केस. गांधीलमाशीची कंबर सुतासारखी, सिरफिडची कंबर दिसतच नाही. आणि मागच्या पायांवर परागाचे गोळे असतील तर ती मधमाशी. एवढ्यावर दहातले नऊ घोटाळे मिटतात.

दुसरा प्रश्न असा की माशी आहे, पण सिरफिड आहे का? ती हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहते, मग झटक्यात हातभर सरकते आणि पुन्हा स्थिर होते. ही चाल ध्यानात राहण्यासारखी आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण इतर कुळांतल्या काही माश्यांनाही ही कला साधते. खरी खूण पंखात असते. पंखाच्या मधोमध, दोन खऱ्या शिरांच्या मध्ये, एक लटकी शीर असते. ती घडी पडल्यासारखी दिसते आणि कोणत्याही शिरेला जाऊन मिळत नाही. शिवाय पंखाच्या बाहेरच्या कडेला समांतर अशा शिरा जातात, त्यामुळे पंखाला आत दुसरा काठ शिवल्यासारखा दिसतो. पंख उजेडासमोर धरला की भिंगातून हे स्पष्ट दिसते. एकदा पाहिले की माणूस विसरत नाही.

तिसरा प्रश्न घराण्याचा. आपल्या परिसरात नवशिक्याला भेटणाऱ्या सिरफिड माश्या मुख्यतः दोन तऱ्हांच्या. एक तऱ्हा सडपातळ, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीची आठवण करून देणारी. हिच्या अळ्या झाडावर राहतात आणि मावा खातात. दुसरी तऱ्हा अंगाने भरलेली, तपकिरी छटेची, मधमाशीची आठवण करून देणारी. हिच्या अळ्या म्हणजे आमच्या बरणीतल्या उंदीरशेपट्या. रंग फसवा वाटला तर पुन्हा पंखाकडे जावे. दुसऱ्या तऱ्हेत पंखाच्या टोकाकडे जाणारी एक लांब शीर वाटेत खोलगट बाक घेते, रस्ता खड्ड्यात उतरून वर यावा तशी. पहिल्या तऱ्हेत ही शीर जवळजवळ सरळ जाते. हा बाक घराणे सांगतो, जात सांगत नाही. एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी.

जातींकडे जाण्यापूर्वी दोन खड्डे दाखवून ठेवतो, कारण मी दोन्हींत पडलो आहे. पहिला खड्डा नर-मादीचा. सुरुवातीला माझ्या वहीत एकाच माशीच्या दोन जाती झाल्या होत्या. एकीचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले, दुसरीच्या डोळ्यांत फट. पुढे कळले की बहुतेक सिरफिड माश्यांत भिडलेले डोळे नराचे आणि फट असलेले मादीचे. काही वंशांत नराच्याही डोळ्यांत फट असते, म्हणून 'बहुतेक' हा शब्द सोडू नये. दुसरा खड्डा रंगाचा. कोष थंडीत तयार झाला तर त्यातून निघणारी माशी अधिक काळपट असते, उबेत तयार झाला तर अधिक उजळ. म्हणजे डिसेंबरातली बहीण आणि एप्रिलमधली बहीण एका रंगाच्या असतीलच असे नाही. तात्पर्य, रंगाच्या गडद-फिक्या छटेपेक्षा पट्ट्यांची मांडणी पाहावी.

आता पिवळ्या तऱ्हेतल्या चार ओळखी करून देतो.

पहिली एपिसिर्फस. हिच्या पोटावरच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर दोन-दोन काळे पट्टे असतात, खालचा रुंद आणि वरचा मिशीच्या रेघेसारखा बारीक. ही जोडपट्ट्यांची मांडणी दिसली की वंश एपिसिर्फस समजावा. या वंशातली एपिसिर्फस बाल्टिएटस ही युरोपपासून आशियापर्यंत पसरलेली प्रसिद्ध जात. तिला १७७६ साली नाव मिळाले. युरोपातल्या माणसाला जोडपट्टा पाहून थेट जातीचे नाव लिहिता येते. आपल्याला येत नाही, कारण भारतात हिची जवळची बहीण एपिसिर्फस विरिडॉरियस हीसुद्धा आढळते आणि दोघींतला भेद बारीक आहे. म्हणून केवळ छायाचित्र हाती असेल तर 'एपिसिर्फस' एवढेच लिहून थांबावे. परदेशी पुस्तकाची ओळख आपल्या अंगणात जशीच्या तशी चालवू नये, याचा हा चांगला धडा आहे.

दुसरी इस्कियोडॉन स्कुटेलारिस. ही आपल्या मैदानी प्रदेशातली अगदी नेहमीची. हिच्या पोटावर प्रत्येक खंडाला एकच पिवळा पट्टा, तोही थोडा वाकलेला, आणि दुसऱ्या खंडावर दोन सुटे पिवळे डाग. एपिसिर्फसपासून वेगळे करणारी सोपी खूण छातीवर आहे. इस्कियोडॉनच्या छातीच्या दोन्ही कडांना लख्ख पिवळी किनार असते, एपिसिर्फसला अशी किनार नसते. नर हातात सापडला तर मागच्या पायाच्या बुडाशी एक बारीक काटा दिसतो. तो दिसला की शंका उरत नाही.

तिसरी स्फीरोफोरिया. हिलाही छातीला पिवळी किनार असते, म्हणून ती इस्कियोडॉनशी गल्लत करवते. नर ओळखणे सोपे. त्याचे पोट काडीसारखे बारीक, मिटलेल्या पंखांच्या बाहेर डोकावणारे, आणि टोकाला फुगीर गोळा. मादीला हा गोळा नसतो. मादी दिसली तर घाई न करता नुसती वंशाची शक्यता लिहावी.

चौथी पॅरागस. ही इतकी लहान, पाचेक मिलिमीटरची, की नवशिका तिला चिलट समजून सोडून देतो. भिंगातून पाहिले तर डोळ्यांवर पांढऱ्या लवेचे उभे पट्टे दिसतात. पॅरागस सेराटस या जातीत छातीच्या मागच्या त्रिकोणी तुकड्याची कड करवतीसारखी दातेरी असते आणि नावातही तोच अर्थ आहे.

मधमाशीसारख्या तऱ्हेत आपली मुख्य गाठ पडते एरिस्टॅलिनस या वंशाशी. माझ्या डब्यातून निघालेली ठिपकेदार डोळ्यांची माशी याच वंशातली होती. डोळ्यांवर ठिपके किंवा रेघा ही या वंशाची मोठी खूण. यापुढे मात्र वाट अवघड होते. एरिस्टॅलिनस क्विंक्वेस्ट्रायाटस या नावाचा अर्थ 'पाच रेघांची' असा आहे. नाव वाचून मी छातीवर रेघा असलेली प्रत्येक माशी त्या नावाखाली घातली. पुढे कळले की एरिस्टॅलिनस अर्व्होरम हिच्याही छातीवर उभ्या फिक्या रेघा असतात, आणि तिला तर १७८७ सालीच नाव मिळालेले आहे. नाव ही ओळखीची किल्ली समजू नये. नाव देणाऱ्याच्या नजरेत जे भरले ते त्याने नावात घातले, एवढेच. आमच्या कारखान्यात 'उंच' आडनावाचा माणूस असला म्हणून गेटवर कोणी त्याची उंची मोजत नाही.

याच तऱ्हेतली एरिस्टॅलिस टेनॅक्स ही जगभर पसरलेली माशी. तिच्या डोळ्यांवर ठिपके नसतात, काळसर लवेचे उभे पट्टे असतात. ती नर मधमाशीसारखी इतकी दिसते की तिने पश्चिमेकडच्या जाणत्या लोकांनाही शतकानुशतके फसवले. मेलेल्या बैलाच्या देहातून मधमाश्या जन्माला येतात, अशी तिकडे प्राचीन काळी समजूत होती, आणि रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या आपल्या काव्यात तिचे वर्णन केले आहे. ओस्टेन-सॅकेन या माश्यांच्या अभ्यासकाने १८९४ साली याचा उलगडा सुचवला. कुजणाऱ्या देहाच्या द्रवात उंदीरशेपटी अळ्या वाढल्या, त्यांतून एरिस्टॅलिस माश्या निघाल्या, आणि लोकांनी त्यांना मधमाश्या मानले. पंख मोजायचे कोणी मनावर घेतले नाही. माहुलच्या मोरीत अळी पाहून 'नळातून आली' म्हणणारे आम्ही काही एकटे नव्हतो.

भारतातल्या सिरफिड माश्यांचे पहिले सविस्तर पुस्तक 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत १९२३ साली निघाले. लिहिणारे एन्रिको ब्रुनेटी पेशाने संगीतकार होते आणि कलकत्त्यात राहून त्यांनी माश्यांचा अभ्यास केला. जुने म्हणून ते टाकाऊ नाही, पण जपून वाचावे. ब्रुनेटींच्या पुस्तकात सिर्फस वंशात असलेली बाल्टिएटस आता एपिसिर्फस वंशात आहे. अशी पुष्कळ बिऱ्हाडे हलली आहेत.

प्रत्यक्ष पाहायचे कोठे आणि कसे? लांब जायला नको. सकाळी ऊन कोवळे असताना नाल्याकाठच्या एकदांडीच्या फुलांपाशी उभे राहावे. घरच्या कुंडीतली कोथिंबीर फुलोऱ्याला येऊ द्यावी. तिची पांढरी फुले सिरफिडांना फार आवडतात. तुळशीच्या मंजिऱ्या पाहाव्यात. तिवर फुलले की खाडीच्या बांधावरून त्याची बारीक पिवळी फुले पाहावीत. आणि रुईचे पान उलटून पाहावे. तेथे पिवळा मावा दाटलेला असतो आणि त्यात सिरफिडची अळी दडलेली असते. सावली अंगावर पडू न देता हळू जवळ जावे. छायाचित्र एकच काढू नये, चार काढावीत: एक वरून पोटाचे पट्टे दिसतील असे, एक बाजूने छातीची कड दिसेल असे, एक समोरून डोळे दिसतील असे, आणि एक पसरलेल्या पंखाचे. वहीत तारीख, वेळ, जागा आणि फूल लिहावे. शेवटच्या रकान्यात नाव लिहिताना जेथवर खूण दिसली तेथवरच लिहावे. 'सिरफिड, मधमाशीसारखी तऱ्हा, पंख दिसला नाही' ही खरी नोंद आहे. 'एरिस्टॅलिनस क्विंक्वेस्ट्रायाटस, बहुधा' ही नोंद पुढच्या माणसाला खड्ड्यात घालते.

या ओळखीवर काय अवलंबून आहे याचे आणखी एक उदाहरण देऊन आवरते घेतो. आमच्या संघटनेत ठेक्यावर काम करणारे काही माळी आहेत. एका बागेत जास्वंदीवर मावा पडला होता आणि माव्यात हिरवट अळ्या दिसल्या. वरच्यांचा हुकूम आला की अळ्या पडल्या आहेत, दुपारीच औषध फवारा. माळ्याने मला विचारले, "भाऊ, ही अळी कसली?" आम्ही भिंग लावले. फुलपाखराच्या अळीला डोके असते, पाय असतात, आणि ती पान कुरतडते. या अळीला पाय नव्हते, डोके म्हणावे असे काही नव्हते, एक टोक निमुळते होते. पान कोठेही कुरतडलेले नव्हते, आणि तिच्या आसपास माव्याची रिकामी सालटी पडली होती. ती सिरफिडची अळी होती. ती आंधळी असते. निमुळते टोक इकडेतिकडे चाचपत ती मावा पकडते, शोषून सालटे टाकते आणि वाढ पुरी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. दक्षिण इंग्लंडच्या आकाशातून दर वर्षी अशा मावाखाऊ सिरफिड माश्या १०० ते ४०० कोटींच्या संख्येने ये-जा करतात, असा अंदाज २०१९ साली रडारच्या निरीक्षणांवरून मांडला गेला. आमच्या जास्वंदीवर त्या पाच होत्या, पण काम तेच.

फवारा मारला असता तर मावा मेला असता आणि त्याला खाणारीही मेली असती. मावा भराभर वाढतो, त्याला खाणारी तितक्या लवकर परतत नाही. म्हणजे पंधरवड्याने पुन्हा फवारा. आणि फवाऱ्याचा पहिला घोट जातो तो फवारणाऱ्याच्या छातीत, कारण त्याला धड तोंडपट्टीसुद्धा दिलेली नसते. माळ्याने त्या दिवशी पंप उचलला नाही. अळ्या दाखवून आठवडाभराची मुदत मागितली. आठवड्याने फांद्या बऱ्याच स्वच्छ झाल्या होत्या. तोंडपट्टीची मागणी मात्र अजून चालू आहे. ती माश्यांनी सुटण्यासारखी नाही.

सहा हजार जातींतल्या सहा मला नीट ओळखता येतात की नाही, याची मलाच शंका आहे. पण दोन पंख की चार, शीर वाकलेली की सरळ, पट्टा एकेरी की दुहेरी, डोळा ठिपक्यांचा की साधा, एवढे विचारायची सवय लागली. ती सवय अर्ज लिहितानाही उपयोगी पडते. ज्यांना भिंगातून पाहायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे. कोथिंबिरीच्या फुलांची एक जुडी आणि बरणीत दोन माश्या मी बरोबर आणल्या आहेत. पाहून झाल्यावर त्या बाहेर सोडून द्यायच्या आहेत. इतके बोलून मी आपली रजा घेतो.